फौजेत भरती झालं की मूलभूत हक्क राहतात की जातात? (भाच्याची भानगड)

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बहुतेक वाचनमात्र असतो पण या वेळी घरातच प्रकरण झालंय म्हणून धागा काढतोय. माझा भाचा आर्मीत जवान आहे, सहा वर्षं सर्व्हिस झाली, सध्या पोस्टिंग वर बर्फात कुठेतरी आहे, नक्की कुठे ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. तर झालं असं की त्याने फेसबुकच्या एका ग्रुपवर पेन्शनच्या धोरणावर चार खरमरीत ओळी टाकल्या, स्वतःच्या नावाने आणि वर्दीतला प्रोफाइल फोटो तसाच ठेवून. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून वर पोचवला आणि आता म्हणतो सीओ साहेबापुढे (म्हणजे कमांडिंग ऑफिसर, युनिटचा प्रमुख) पेशी लागणार आहे.

त्यातच दुसरं लचांड म्हणजे इकडे चुलत्यांनी जमिनीचा दावा टाकलाय, तारीख पुढच्या महिन्यात आणि सुट्टी मिळेल का नाही याचा पत्ता नाही. वकिलाशिवाय तारीख गेली तर निकाल एकतर्फी लागणार ही बहिणीला धास्ती.

आता आमचे मेव्हणे ठाम म्हणतात की वर्दी चढली की घटना उतरली, जवानाला मूलभूत हक्कच नसतात त्यामुळे कुठे दाद मागायची नाही, गप बसायचं. मला हे पटत नाही पण घटनेचं कलम ३३ वाचलं तर त्यात खरंच असलं काहीतरी लिहिलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. युनिटचं नाव वगैरे कृपया विचारू नका.

शंकासूर

पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय. होऊ द्या.

खोडसाळपंत

मेव्हणे बरोबर बोलतायत. भरती व्हायच्या वेळी शपथ घेतली ना? मग आता हक्क हक्क काय. उद्या प्रत्येक जवान म्हणाला मला हा हुकूम पटत नाही, मी आधी कोर्टातून स्टे आणतो, तर सीमेवर कोण उभं राहणार, तुम्ही का मी? ज्याला फेसबुकवर क्रांती करायचीय त्याने राजीनामा द्यावा.

काळाकोट

पंत, जरा दमानं. मी सैन्यदल न्यायाधिकरणासमोर म्हणजे एएफटीत वकिली करते, हे रोजचंच काम आहे त्यामुळे सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

कलम ३३ असं म्हणत नाही की सैनिकाला मूलभूत हक्क नाहीत. ते असं म्हणतं की हे हक्क सैनिकांना किती लागू होतील, कुठे कमी होतील, कुठे काढून घेतले जातील हे संसद कायदा करून ठरवू शकते, आणि ते दोन कारणांसाठीच, एक त्यांनी आपली कर्तव्यं नीट पार पाडावीत म्हणून आणि दुसरं शिस्त टिकावी म्हणून. म्हणजे दोन चाळण्या आहेत. एक, संसदेचा कायदा हवा, सीओ साहेबांची लहर किंवा युनिटचं परिपत्रक नुसतं चालत नाही, त्याच्या मागे कायदा लागतो. दोन, त्या बंधनाचा कर्तव्याशी किंवा शिस्तीशी संबंध हवा. या चाळणीतून जे खाली पडलं नाही ते सगळं त्या जवानाकडेच राहिलं. मेव्हण्यांनी उलटं वाचलंय.

संसदेने हा कायदा केला तो आर्मी अॅक्ट १९५०. त्याचं कलम २१ काढून बघा, तीनच गोष्टींवर बंधन घालायची मुभा आहे: युनियन किंवा संघटनेत असणं, सभा-निदर्शनांना जाणं, आणि वर्तमानपत्रांशी बोलणं किंवा काही छापून आणणं. त्याखाली १९५४ चे आर्मी रूल्स आहेत, नियम १९, २० आणि २१. नियम १९ तर इतका कडक आहे की निव्वळ करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळात भाग घ्यायचा तरी आधी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, बाकी संस्थांना थेट केंद्र सरकारची. नेव्हीचा १९५७ चा कायदा जास्त सरळ बोलतो, कलम ४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की मूलभूत हक्क या कायद्यात सांगितलंय तेवढ्यापुरते कमी होतील.

आता पंतांना आवडेल अशी बाजू. कोर्टाने ही चाळणी पुढे बरीच सैल करून ठेवली. राम सरूपच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आर्मी अॅक्टमधलं प्रत्येक कलम हे कलम ३३ च्या अधिकारातच केलंय असं धरायचं, त्यामुळे एखादं कलम मूलभूत हक्काच्या आड आलं तरी तेवढ्या कारणाने ते रद्द होणार नाही. मोठी भिंत आहे ती. पण ही भिंत कायद्याभोवती आहे, कायदा राबवणाऱ्या साहेबाभोवती नाही, आणि आमचं सगळं काम त्या फटीतच चालतं.

शंकासूर

म्हणजे कायद्याला हात लावता येत नाही पण कायदा चुकीचा वापरला तर भांडता येतं, असंच ना?

काळाकोट

बरोब्बर. एका ओळीत सांगितलंत, मी उगाच एवढं टंकत बसले.

निवृत्त_नायब

जय हिंद. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी करून नायब सुभेदार म्हणून घरी आलो. वकीलताई सांगतात ते किताबातलं खरं, मी पल्टनीतलं सांगतो.

गोदाकाठ भाऊ, पहिली गोष्ट भाच्याला सांगा की ती पोस्ट डिलिट केली असेल तर झाली पण केली नाही असं खोटं बोलू नको. पेशीला खोटं बोललं की मग पोस्टचा मामला राहत नाही, खोटं बोलल्याचा मामला होतो. दुसरं, वर्दीतला फोटो ही त्याची मोठी चूक. चार ओळी एखाद्या वेळी समज देऊन सोडल्या असत्या पण वर्दीत फोटो टाकून सरकारच्या धोरणावर बोलला म्हणजे फौज बोलली असं होतं. हे मी त्याला रागावून सांगितलं असतं, माझ्या हाताखाली असता तर.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्या वेळी पण तक्रारी होत्या, नव्हत्या असं नाही. दरबार असतो, सैनिक संमेलन म्हणतात आता, तिथे उभं राहून सीओ साहेबाला विचारता येतं. कंपनी कमांडरचा इंटरव्यू मागता येतो, सिनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) मार्फत. पण खरं सांगू का, भरल्या दरबारात हात वर करणारे किती? हात वर केला की मागे बसलेले एसएम म्हणजे सुभेदार मेजर साहेब चेहरा लक्षात ठेवतात. त्यामुळे पोरं बोलत नाहीत आणि मग रात्री मोबाईलवर बोलतात. मी पोरांना सपोर्ट करत नाही पण का करतात ते मला कळतं.

खोडसाळपंत

नायबसाहेब तुम्ही पण! मला वाटलं तुम्ही तरी माझ्या बाजूने असाल.

निवृत्त_नायब

पंत मी शिस्तीच्याच बाजूने आहे. शिस्त म्हणजे वरच्याने खालच्याचं ऐकणं पण आलं त्यात.

मेधा_के

नायबकाकांना +१००.

मी फौजी घरात वाढले, वडील ऑफिसर होते. हक्कांवर बोलतोय तर बायकांच्या खटल्याचा उल्लेख हवाच कारण कलम ३३ ची खरी परीक्षा तिथे झाली. आर्मी अॅक्टचं कलम १२ म्हणतं की सरकारने ज्या विभागांसाठी अधिसूचना काढली ते सोडून बाकी ठिकाणी स्त्रियांची भरती नाही. बबिता पुनियाच्या खटल्यात सरकारने कलम ३३ पुढे केलं, शिवाय शरीराची ठेवण, बाळंतपण, घरच्या जबाबदाऱ्या असली सगळी कारणं दिली. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने ती झटकून टाकली आणि दहा शाखांमध्ये पर्मनंट कमिशनचा म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीचा रस्ता मोकळा केला. मुद्दा हा की कलम १२ तसंच जागेवर राहिलं, ते कोर्टाने रद्द नाही केलं. कोर्टाने एवढंच विचारलं की ज्या शाखा तुम्ही स्वतःच बायकांना उघडल्या, त्यात चौदा वर्षं राबवून घेतल्यावर पुढे का नाही? कलम ३३ चं बंधन कर्तव्य आणि शिस्तीपुरतं असतं, जुन्या समजुती टिकवायला नसतं. पुढच्याच महिन्यात नेव्हीचा निकाल आला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा मुलींना देऊ द्या असा अंतरिम आदेश आला. बाबा म्हणाले होते की कोर्टाला काय कळतं फौजेतलं, आता नातीला एनडीएचे फॉर्म दाखवतात. (अवांतर झालं, क्षमस्व.)

रानवारा

सगळं छान पण मग त्या बीएसएफच्या जवानाचं काय? २०१७ ला जेवणाचा व्हिडिओ टाकला, देशभर गाजला आणि एप्रिलमध्ये नोकरीतून काढून टाकला. खरं बोलला ना तो?

काळाकोट

रानवारा, आधी एक तांत्रिक गोष्ट. बीएसएफ म्हणजे आर्मी नाही, ते गृह मंत्रालयाखाली येतं, पण कलम ३३ त्यांनाही लागू आहे आणि १९६८ च्या बीएसएफ अॅक्टमध्ये अशीच बंधनं आहेत. पोलिसांसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. १९८४ मध्ये पन्नासावी घटनादुरुस्ती होऊन गुप्तचर यंत्रणा आणि दळणवळणवाले पण या छत्रीखाली आले.

कोर्ट तर याहून पुढे गेलंय. संरक्षण खात्याच्या केंद्रांमधले आचारी, न्हावी, सुतार, मोची, शिंपी यांनी युनियन काढली होती, १९७५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की तुम्ही लढत नसलात तरी सैन्याचाच भाग आहात, युनियन नाही काढायची. १९८३ मध्ये सीमेवर रस्ते बांधणाऱ्या ग्रेफच्या लोकांना पण तेच सांगितलं.

राहिला प्रश्न खरं बोलण्याचा. इथे वाईट वाटलं तरी कायदा असा आहे की तुम्ही खरं बोललात का खोटं हा पहिला प्रश्नच येत नाही, परवानगीशिवाय बाहेर बोललात का हा पहिला प्रश्न येतो. व्हिडिओ हा छापण्याचाच प्रकार धरतात. आर्मीने २०२० मध्ये फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अॅप्स मोबाईलवरून काढून टाका असा हुकूम काढला, एक लेफ्टनंट कर्नल त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेले, हायकोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये याचिका फेटाळली. सुरक्षेचा मुद्दा आला की कोर्ट साधारणपणे हात आखडतं. त्यामुळे गोदाकाठ, भाच्याच्या फेसबुक प्रकरणात हक्काची भाषा नका करू, तिथे जमीन कच्ची आहे. तिथे माफीनामा आणि आजवरचं साफ रेकॉर्ड हेच कामाला येईल.

गोदाकाठ

धन्यवाद ताई, नायबसाहेब. रात्री फोन आला तर दोन्ही सांगतो. मेव्हण्यांनी हा धागा वाचला, म्हणाले बघ मी म्हणत होतो. मी म्हटलं पुढचं पण वाचा.

ऱ्हाइनकाठचा

मी गेली काही वर्षं जर्मनीत असतो, इथलं थोडं सांगतो. यांच्या घटनेत पण आपल्या ३३ सारखं एक कलम आहे, १७ अ, सैनिकांचे काही हक्क कायद्याने कमी करता येतात असं. म्हणजे ही भारतातली अजब गोष्ट नाही. पण यांच्याकडे कल्पनाच अशी आहे की सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिक. दुसऱ्या महायुद्धात हुकूम म्हणजे हुकूम करत यांनी काय केलं ते जगाला माहितीय, त्यातून ही अक्कल आलीय.

यांच्या संसदेने एक आयुक्त नेमलेला असतो, त्याच्याकडे कुठलाही सैनिक थेट पत्र टाकू शकतो. सीओ मार्फत नाही, चॅनेल वगैरे काही नाही, सरळ. आणि सरळ गेलास म्हणून शिक्षा करता येत नाही. सैनिकांची एक मोठी संघटना पण आहे, तरी यांची फौज काही मोडून पडली नाही पंत.

फ्रान्समध्ये तर गंमतच, तिथे सैनिकांच्या संघटनांवर पूर्ण बंदी होती, लष्करी पोलिसातल्या एका ऑफिसरने ऑनलाइन फोरमवरून संघटना काढली, त्याला तिच्यातून बाहेर पडायला लावलं, तो युरोपच्या मानवाधिकार कोर्टात गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये कोर्ट म्हणालं बंधनं घाला पण सरसकट बंदी चालणार नाही, मग २०१५ मध्ये फ्रान्सने कायदा बदलला. तेव्हा फोरमवाल्यांना कमी समजू नका, ह.घ्या.

खोडसाळपंत

जर्मनीच्या सीमेवर कोण आहे? ऑस्ट्रिया. आपल्या कोण आहे ते बघा आणि मग तुलना करा. तरी तो थेट पत्राचा प्रकार मला वाईट वाटला नाही, मान्य करतो. जवानाला मन मोकळं करायला कुठेतरी जागा पाहिजे, फक्त ती फेसबुक नको.

शंकासूर

पंत नरमले! वाचनखूण साठवली.

काळाकोट

ऱ्हाइनकाठचा यांनी थेट पत्राचं लिहिलं म्हणून ही केस सांगितल्याशिवाय राहवत नाही, आम्ही नवीन ज्युनियरला सगळ्यात आधी हीच वाचायला देतो.

रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार, निकाल १९८७ चा. सिग्नल्सचा एक जवान. त्याने आपल्यावर अन्याय होतोय अशी तक्रार चॅनेल सोडून थेट वरच्या अधिकाऱ्यांना पाठवली, तक्रार आपल्याच सीओविरुद्ध. चॅनेल मोडला म्हणून २८ दिवस सक्तमजुरी. ती शिक्षा भोगत असताना कोठडीत त्याला हुकूम झाला की जेव, तो म्हणाला नाही जेवणार. झालं, हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल. आता समरी कोर्ट मार्शल म्हणजे काय ते माहिती नसणाऱ्यांसाठी सांगते, त्यात सीओ एकटाच कोर्ट असतो, बाकी अधिकारी बसतात पण निर्णय त्याचा. आणि इथे कोर्ट म्हणून बसलेले सीओ कोण, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच! शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी आणि नोकरीतून बडतर्फ. न जेवल्याबद्दल.

सुप्रीम कोर्टाने सगळं रद्द केलं, जवानाला नोकरीत परत घ्यायला लावलं. दोन कारणांनी. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश हे चालणार नाही, आणि आर्मी अॅक्टच्या कलम १३० प्रमाणे कोर्टात बसणाऱ्यांवर आक्षेप आहे का हे आरोपीला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. वर शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अंगावर काटा यावा इतकी जास्त. बघा, यात आर्मी अॅक्टला कोणी धक्का लावलेला नाही. त्याच कायद्यातला जवानाच्या बाजूचा नियम वापरून जवान सुटला. आर्मी अॅक्ट म्हणजे नुसता दंडुका नाही, त्यात जवानाच्या बाजूची कलमं कितीतरी आहेत, ती कोणी वाचत नाही एवढंच.

रानवारा

बापरे. न जेवल्याबद्दल एक वर्ष.

मेधा_के

अशी आणखी कलमं सांगा ना काळाकोट, आम्हाला पण माहिती नाहीत.

काळाकोट

सुचतील तशी लिहिते.

अटकेचं बघा. तुम्हाआम्हाला पकडलं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. जवानाला आर्मीच्या कोठडीत टाकलं तर मॅजिस्ट्रेट नाही, पण ४८ तासांच्या आत सीओने आरोपाची चौकशी सुरू करायला हवी, कलम १०२. हक्क कमी झाला पण शून्य नाही झाला.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा कोर्ट मार्शल नाही, कलम १२१. तीन वर्षं उलटली की कोर्ट मार्शल नाही, कलम १२२, याला अपवाद आहेत, पळून जाणं म्हणजे डिझर्शन, बंड वगैरे. कोर्ट मार्शलचा निकाल वरून कन्फर्म होईपर्यंत लागू होत नाही, त्याच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा अर्ज करता येतो, कलम १६४. अर्थात समरी कोर्ट मार्शलला कन्फर्मेशन लागत नाही, म्हणून तर ते इतकं धोक्याचं. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये स्वतःच्या खर्चाने बाहेरचा वकील आणता येतो, समरीमध्ये आरोपीचा मित्र म्हणून कोणीतरी शेजारी बसतो, तो सल्ला देतो पण उभं राहून बोलू शकत नाही.

पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही, कलम २८. (पण बायकापोरांची पोटगी चुकवणाऱ्यांनी खुश होऊ नये, ती आर्मी स्वतःच पगारातून कापू शकते आणि कापते.)

आणि जे फार थोड्यांना माहिती असतं, आर्मीला माहितीचा अधिकार लागू आहे. बीएसएफ, सीआरपीएफ वगैरे त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत म्हणून त्यांच्याकडून फक्त भ्रष्टाचार आणि मानवाधिकार भंगाचीच माहिती मिळते, पण आर्मी, नेव्ही, एअर फोर्स त्या यादीत नाहीत. आपल्या चौकशीची कागदपत्रं मागणारे जवान मी रोज बघते.

शंकासूर

मतदानाचं काय असतं? माझा मित्र म्हणायचा आम्हाला मतच देता येत नाही.

निवृत्त_नायब

येतं. प्रचार करता येत नाही, सभेला जाता येत नाही, पार्टीचं मेंबर होता येत नाही, पण मत तुमचंच. सर्व्हिस वोटर म्हणून नाव गावाच्या यादीच्या शेवटच्या भागात लागतं. आमच्या वेळी पोस्टाने मतपत्रिका यायची ती निकाल लागल्यावर पोचायची, खोटं सांगत नाही. आता मतपत्रिका कॉम्प्युटरवर येते, प्रिंट काढून मत टाकून पोस्टाने पाठवायची. नाहीतर घरच्या कोणाला तरी आपल्या वतीने मत द्यायला नेमता येतं, २००३ पासून. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीस स्टेशनला म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी असलेल्या जवानाला तिथलाच मतदार होता येईल.

मेधा_के

आणि बायकोचं पण नाव तिथेच लागतं. पण लेडी ऑफिसरच्या नवऱ्याचं लागत नव्हतं, कायद्यात वाइफ असा शब्दच होता. २०२१ च्या दुरुस्तीत तो स्पाउज केला.

रानवारा

धर्माचं कोणी बोललंच नाही. दाढीवरून केस झाली होती ना?

काळाकोट

झाली होती. एअर फोर्समधल्या एका मुस्लिम जवानाची, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली. नियम असा की ज्या धर्मात केस कापणं निषिद्धच आहे त्यांना सूट, म्हणजे शिखांना आहे. त्या जवानाला आपल्या धर्मात दाढी सक्तीचीच आहे हे सिद्ध करता आलं नाही.

अलीकडची म्हणाल तर एका ख्रिश्चन ऑफिसरची. रेजिमेंटच्या परेडला मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जायचे पण गाभाऱ्यात जायला नकार दिला, बडतर्फ झाले. मे २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने बडतर्फी कायम केली आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही. मला स्वतःला हा निकाल पचला नाही. जवानांसोबत देवळाच्या पायरीपर्यंत जाणारा ऑफिसर शिस्त मोडतोय असं मला वाटत नाही. पण आर्मीचं म्हणणं होतं की ऑफिसर आपल्या जवानांच्या देवापुढे उभा राहत नसेल तर लढाईत त्यांचा विश्वास कसा राहील.

निवृत्त_नायब

ताई इथे मी तुमच्याशी सहमत नाही. आमच्या पल्टनीत साहेब कुठल्या पण धर्माचा असो, मंदिर परेडला जवानांबरोबर आरतीला उभा राहायचा. साहेब बाहेर थांबला असता तर आम्हाला वाईट वाटलं असतं. हक्काचं मला कळत नाही, वाईट मात्र वाटलं असतं.

काळाकोट

नायबसाहेब, तुमचा मुद्दा मनाला लागला. तरी बडतर्फी जास्तच झाली असं माझं म्हणणं कायम.

खोडसाळपंत

आता मूळ प्रश्नावर या, जमिनीचं काय करायचं त्या पोराने? फेसबुकचं राहू द्या, सीमेवरच्या जवानाची जमीन पाठीमागे कोणी लाटत असेल तर मी स्वतः कोर्टात येऊन बसतो.

काळाकोट

हे सगळ्यात सोपं आहे पंत आणि गोदाकाठ, नीट लिहून घ्या.

एक, १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट. जुना आहे पण जिवंत आहे. जवान स्पेशल कंडिशन्समध्ये म्हणजे अशा पुढच्या भागात असेल आणि त्याच्या वतीने कोर्टात कोणी नसेल तर दावा तहकूब ठेवावा लागतो. त्यासाठी लष्करी अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट कोर्टात यायला हवं. आणि एकतर्फी हुकूमनामा झालाच तर तो रद्द करून घ्यायची सोय पण त्यात आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बहिणीला जाऊ दे, त्यांना ही कामं माहिती असतात, तिथून युनिटला पत्र जाईल.

दोन, आर्मी अॅक्ट कलम ३२. सुट्टीचा अर्ज करताना कारणात कोर्टकेस लिहायचं आणि दावा लढवायला सुट्टी मागितलीय किंवा मंजूर झालीय असं सर्टिफिकेट घ्यायचं. ते कोर्टात दिलं की शक्यतो त्या सुट्टीच्या काळातच सुनावणी संपवायची जबाबदारी कोर्टावर येते.

आणि पेशीत शिक्षा झालीच तर घाईने कुठे धावू नका. आधी लेखी तक्रार, कलम २६ खाली, चॅनेलनेच. त्याचं उत्तर आलं किंवा सहा महिन्यांत आलंच नाही की मग एएफटी. मुंबईत खंडपीठ आहे. हे न्यायाधिकरणसुद्धा सुखासुखी मिळालेलं नाही. १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने खंत केली होती की कोर्ट मार्शलवर एकही अपील नाही, कायदा व्हायला २००७ आणि काम सुरू व्हायला २००९ उजाडलं. सुट्टी, बदली आणि छोट्या शिक्षा तिथे चालत नाहीत, त्यासाठी हायकोर्ट. एएफटीच्या निकालावर हायकोर्टात जाता येतं का यावर पण बराच घोळ होता, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं नको, २०२३ मध्ये म्हणालं की घटनेच्या कलम २२६ चा म्हणजे हायकोर्टाचा दरवाजा बंद करता येत नाही. सध्या उघडा आहे.

गोदाकाठ

मंडळी अपडेट देतो. काल पेशी झाली. सीओ साहेबांनी झापलं, पोस्ट समोर उभं राहून डिलिट करायला लावली आणि लेखी वॉर्निंग देऊन सोडलं. भाचा म्हणाला की खरं बोललो म्हणून वाचलो, नायबसाहेबांना सांगा. सुट्टीच्या अर्जात कोर्टकेस लिहिली आणि कलम ३२ चं सर्टिफिकेट मागितलं तर क्लार्क म्हणाला असलं काही नसतं. मग भाच्याने कलम वाचून दाखवलं. क्लार्कने किताब काढून स्वतः बघितलं आणि म्हणाला उद्या सही घेऊन ठेवतो.

बहीण सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जातेय, मेव्हणे सोबत जाणार आहेत. काळाकोट ताईंचा १९२५ वाला प्रतिसाद त्यांनी प्रिंट काढून फाइलीत लावलाय.

निवृत्त_नायब

शाबास. सर्टिफिकेटवर गोल शिक्का आहे का बघायला सांगा, नुसत्या सहीवर कोर्टातला बाबू परत पाठवतो.